घरचा कांदा

प्राचार्यांनी मला बोलावलं तेव्हा त्यांच्या टेबलावर एक चकचकीत फाइल होती आणि शेजारच्या खुर्चीत वाणिज्य शाखेचे आमचे विभागप्रमुख सर बसलेले होते. फाइलवर निळ्या डोळ्यांचा यंत्रमानव होता. कृत्रिम बुद्धिमत्तेवरच्या कुठल्याही पुस्तकावर, पाटीवर, निमंत्रणावर हा इसम असतोच. मला तो पहिल्यापासून आवडत नाही.

मामला असा होता. कला, वाणिज्य, विज्ञान अशा सगळ्या शाखांच्या पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी कृत्रिम बुद्धिमत्तेची ओळख करून देणारा तीस तासांचा अभ्यासक्रम सुरू करायचा होता. बाहेरच्या एका कंपनीने तो तयारच आणून दिला होता. इंग्रजीत व्हिडिओ, इंग्रजीत प्रश्न, शेवटी प्रमाणपत्र. शिक्षकाने प्रोजेक्टर लावायचा आणि कोपऱ्यात बसायचं. सरांना तो पसंत होता. मॅडमचाही त्रास वाचेल, असं ते अगदी मनापासून म्हणाले.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकोणीस वर्षं मी या कॉलेजात संगणक शिकवतेय. माझा त्रास वाचवायचा म्हणजे मला बटण दाबायला ठेवायचं. मी म्हटलं, अभ्यासक्रम मी तयार करते, मराठीत करते आणि आपल्या मुलांना कळेल असा करते. बोलून झाल्यावर लक्षात आलं की आपण काय कबूल करून बसलो. माझं नेहमीचंच आहे, जीभ पुढे आणि डोकं मागून येतं.

प्राचार्य शांत माणूस. त्यांनी पाच आठवडे दिले. बारा मुलं घ्या, शिकवून दाखवा, मुलांना खरंच काही आलं असं आम्हाला दिसू द्या. दिसलं तर तुमचा अभ्यासक्रम अभ्यास मंडळापुढे ठेवू, नाही दिसलं तर ही फाइल आहेच. सरांनी फाइलवरून हात फिरवला. मी उठले.

घरी आम्ही दोघीच, मी आणि आई. वडील बँकेत कारकून होते, ते जाऊन बरीच वर्षं झाली. कॉलनीतलं हे दोन खोल्यांचं घर त्यांनीच बांधलं. आई सत्तरीची आहे, गुडघे कुरकुरतात, पण नजर अशी की समोरच्या घराच्या गच्चीवर वाळत घातलेल्या शेवयांत मुंगी फिरली तरी तिला इथून दिसावी. संध्याकाळी मी जेवणाच्या टेबलावर कागद पसरायचे आणि ती समोर बसून लसूण सोलायची.

पहिले चार दिवस मी जे लिहिलं ते आज वाचलं तर हसू येतं. कृत्रिम बुद्धिमत्तेची व्याख्या, इतिहास, प्रकार, उपप्रकार. फाइलवरच्या यंत्रमानवाला मी धोतर नेसवत होते, एवढंच. मराठी शब्द शोधायचे, ते इंग्रजीपेक्षा अवघड निघायचे, खोडायचे. पाचव्या दिवशी मी पेन आपटलं तेव्हा आईने विचारलं की एवढं काय अडलंय.

मी वैतागूनच सांगितलं. यंत्राला खूप चित्रं दाखवायची. प्रत्येक चित्र कशाचं ते माणसाने सांगायचं. अशी शेकडो दाखवली की मग नवीन चित्र आलं तरी ते कशाचं आहे हे यंत्र आपलं आपण सांगतं. एवढी साधी गोष्ट, पण ती मुलांच्या डोक्यात कशी उतरवायची ते सुचत नाहीये.

आईने लसणाची पाकळी वाटीत टाकली.

"त्यात काय हाय? आम्ही खळ्यावर नव्या बाईला असंच शिकवायचो."

इथे मला थोडं मागे जाऊन सांगावं लागेल. आम्ही मूळचे चांदवडकडचे. वडिलांना नाशिकची बदली मिळेपर्यंत आणि नंतरही, घराचे हप्ते फिटेपर्यंत, आई व्यापाऱ्याच्या खळ्यावर कांदा निवडायला जायची. खळं म्हणजे मोकळ्या आवारात कांद्याचे डोंगर, आणि प्रत्येक डोंगराच्या पायथ्याशी बसलेल्या बायका. एकेक कांदा हातात घ्यायचा, बघायचा आणि ज्या ढिगात जायला हवा तिकडे टाकायचा. एक नंबर, दोन नंबर, बारकी गोल्टी, दोन कांदे चिकटून वाढलेला जोड, कोंब फुटलेला, सडका. बावीस वर्षं तिने हे केलं.

कॉलेजात हे कुणालाच ठाऊक नव्हतं. नोकरीच्या अर्जापासून ते परवा-परवाच्या विम्याच्या कागदापर्यंत आईच्या व्यवसायापुढे मी 'गृहिणी' लिहीत आले. कुणी विचारलं नाही म्हणून सांगितलं नाही, असं मी स्वतःला समजावत असे. खरं म्हणजे मला लाज वाटायची. दहावीपर्यंत माझ्या दप्तरालासुद्धा कांद्याचा वास येतो असं मला वाटायचं, आणि ती लाज मी मोठी झाल्यावर, पगार सुरू झाल्यावरही तशीच जपून ठेवली.

आई सांगत गेली. नव्या बाईला कुणी नियम सांगत बसत नसे. तिला जुन्या बाईच्या मांडीला मांडी लावून बसवायचं. जुनी बाई टाकेल तिकडे बघायचं. आठ दिवसांनी नवीनने टाकायचं आणि जुनीने चुकलेला कांदा परत तिच्या पुढ्यात सरकवायचा, बोलायचं काही नाही. महिन्याभरात हात आपोआप चालायला लागायचा. त्या बाईला विचारलं असतं की हा दोन नंबरमध्ये का टाकलास, तर तिला नीट सांगता आलं नसतं, पण टाकलेला असायचा बरोबर.

मी कागद उलटा केला आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला लागले. व्याख्या गेली, इतिहास गेला. पहिला धडा: कांदा निवडणारी बाई कशी शिकते. दुसरा: यंत्राला जुनी बाई कुठून आणायची. त्या एका बैठकीत माझ्या अभ्यासक्रमाचा सांगाडा उभा राहिला, आणि लसूण संपला तरी आई उठली नाही.

बारा मुलं मिळाली. बहुतेक खेड्यांतून येणारी, कुणी चांदवडची, कुणी निफाडकडची, दोन-तीन शहरातली. मी सांगितलं, सोमवारी येताना प्रत्येकाने घरच्या कांदाचाळीतले, म्हणजे साठवणीतले, वीस-वीस कांदे आणायचे, बरे-वाईट सगळे. मुलं खूश. संगणकाच्या तासाला कांदे आणायला सांगणारी बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. शहरातल्यांनी मामाच्या, आत्याच्या गावाहून मागवले, एकाने मंडईतून घेतले. आमच्या प्रयोगशाळेच्या शिपायाने पिशव्या पाहून मला विचारलं की आज भजी आहेत का.

मुलांनी मोबाइलवर फोटो काढले. प्रत्येक फोटोला, म्हणजे आपापल्या कांद्याला, तो कुठल्या ढिगातला ते ठरवून नंबर दिला. ते सगळं आम्ही संगणकाला शिकवलं. यासाठी आता प्रोग्रॅम लिहावा लागत नाही, चित्रं एकेका रकान्यात टाकली की बाकीचं यंत्र करतं. दोन आठवड्यांत मुलं आपसात ज्या सफाईने बोलायला लागली ते ऐकून मला अंगावर मूठभर मांस चढल्यासारखं झालं. मी घाई केली. प्राचार्यांना आणि सरांना बघायला बोलावलं.

सर येताना कॅन्टीनमधून एक कांदा घेऊन आले. बोटभर कोंब फुटलेला आणि एका बाजूने काळा पडलेला. कॅमेऱ्यापुढे धरला. पडद्यावर उमटलं: एक नंबर. यंत्राला खात्री जवळजवळ शंभर टक्के होती. सरांनी कांदा फिरवून काळी बाजू दाखवली. एक नंबर. मी घाईघाईने पिशवीतला जोड कांदा काढून धरला. एक नंबर. शेवटी सरांनी गंमत म्हणून खिशातलं लिंबू धरलं, तेही एक नंबर निघालं.

सर म्हणाले, मॅडम, यंत्र फारच समाधानी वृत्तीचं आहे. प्राचार्यांना हसू आवरेना. मुलं माझ्याकडे बघत होती आणि मी कुठे बघावं ते मला कळत नव्हतं. प्राचार्यांनी जाताना हळूच सांगितलं की आणखी एक आठवडा घ्या, त्यानंतर मात्र मला निर्णय घ्यावा लागेल.

घरी येऊन मी लॅपटॉप उघडून बसले. उजेड तपासला, फोटोंचा आकार तपासला, पार्श्वभूमी तपासली. दोष काही सापडेना. आई मागे येऊन उभी राहिली आणि चष्मा लावून वाकली. मी एकेक फोटो पुढे सरकवत होते.

"थांब. ह्यो जोड हाय. ह्याला एक नंबर कुनी म्हनलं?"

मी सांगितलं, एका मुलीने. पुढचा फोटो. "ह्यो डेंगळा. फुलावर आलेला कांदा हाय ह्यो, चार दिवस टिकायचा नाय. हे बी एक नंबरच?" हा दुसऱ्या मुलाचा. पुढचा, त्याच्या पुढचा. दोनशे चाळीस फोटोंत मुलांनी एक नंबर न म्हटलेले मोजून अकरा निघाले, आणि ते अकराही शहरातल्या एका मुलाने मंडईतून विकत आणलेले, कारण त्याला गावच नव्हतं.

आई खुर्ची ओढून बसली. "ज्याचा कांदा त्यानंच निवडला ना?"

मी म्हटलं, हो, मग?

"मग व्हनारच हे. घरचा कांदा घरच्यानं निवडायचा नसतो."

आणि तिने मला खळ्यावरची रीत सांगितली, जी मी तिची मुलगी असून मला आजवर माहीत नव्हती. निवडायला बसलेल्या बाईच्या घरचा, माहेरचा, भावकीतला माल खळ्यावर आला की ती बाई आपण होऊन उठायची आणि दुसऱ्या ढिगावर जाऊन बसायची. कुणी उठवायचं नाही. कुणी विचारायचं नाही. मामाचा कांदा आला की आई उठायची, तिच्या जागी दुसरी यायची. लबाडी करेल म्हणून हे नव्हतं. आपल्या वावरातला कांदा आपल्याला वाकडा दिसतच नाही, डोळाच तसा होतो, असं ती म्हणाली. एकदा एक नवीन बाई आपल्या नवऱ्याच्या ढिगावरून उठली नाही, तर संध्याकाळपर्यंत तिच्याशी कुणी बोललं नव्हतं.

माझ्या बारा मुलांतल्या एकानेही खोटं लिहिलं नव्हतं. बापाने पाणी भरून पिकवलेल्या, चाळीत जपलेल्या कांद्याला दोन नंबरचा कसा म्हणणार? यंत्राने ते सगळं प्रेम जसंच्या तसं शिकून घेतलं होतं. आणि मी, संगणकाची बाई, दोन आठवडे ते बघत असून मला दिसलं नव्हतं, कारण तो अभ्यासक्रम माझ्या घरचा होता.

मी आईला म्हटलं, तू कॉलेजात ये. ती आधी हसली. मग गुडघ्याचं कारण सांगितलं, मग साडीचं. मी हट्टाला पेटले की तीही माझ्यापुढे हात टेकते. दुसऱ्या दिवशी ती निळी, बारीक काठांची साडी नेसून तयार होती, जी ती एरवी फक्त विहारात जाताना नेसते. पंचवटीतून रिक्षा पूल ओलांडून आली तोपर्यंत तिने दोनदा विचारलं की पोरं इंग्रजीत बोलतात का.

आणि वर्गात मी जे केलं ते लिहायला मला आजही जड जातं. मी तिचं नाव सांगितलं, या कांदा निवडीतल्या जाणकार आहेत म्हणाले, आदराने बोलले. ही माझी आई आहे, हे तेवढं सांगितलं नाही. आईने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि कामाला लागली.

तिने पहिल्यांदा काय केलं असेल तर सगळ्यांच्या पिशव्या उचलायला लावून एकमेकांत बदलल्या. चांदवडच्या मुलीचा चेहरा पडला. तिने आपला एक कांदा हातातच ठेवला आणि म्हणाली की आज्जी, हा बघा, आमच्या वावरातला आहे, हा खरंच चांगला आहे. आई म्हणाली, "म्हनूनच तर तुझ्याकडनं काढला." सगळा वर्ग हसला, ती मुलगीही.

मग आईने खाली सतरंजीवर बैठक मारली, गुडघ्यांसकट. मुलं भोवती बसली. आईने कांदा टाकायचा, मुलांनी बघायचं. मग मुलांनी टाकायचं, चुकला की आईने तो परत पुढ्यात सरकवायचा, एक अक्षर न बोलता. दोन तासांनी तिने नवीन खेळ काढला. एकच कांदा दोघांनी एकमेकांना न सांगता निवडायचा. दोघांचं जुळलं तर तो ढिगात, नाही जुळलं तर मधोमध वेगळा ठेवायचा. त्या मधल्या ढिगाला मुलांनी भांडणाचा ढीग असं नाव दिलं. खळ्यावर तो शेवटी सगळ्यात जुनी बाई बघायची. मी फळ्याजवळ उभी राहून हे सगळं वहीत उतरवत होते. माझा हात पुरत नव्हता इतक्या वेगाने माझा तिसरा आणि चौथा धडा माझ्यासमोर सतरंजीवर तयार होत होता.

एका मुलाने तिला विचारलं की आज्जी, मग यंत्र तुमच्यासारखं निवडायला लागेल का. आईने एक कांदा उचलला, अंगठ्याने त्याची मान दाबली, नाकाशी नेला आणि सतरंजीवर ठेवला. वरून ठणठणीत दिसणारा तो कांदा आतून नासायला लागला होता. "फोटूला दाबता येत नाय अन् हुंगता येत नाय," ती म्हणाली. "तेवढं तुमच्याकडं राहू द्या." तो माझा शेवटचा धडा झाला. त्यात मी एका शब्दाचाही फेरफार केलेला नाही.

परतताना रिक्षात तिने आधी पदर सावरला. मग म्हणाली की माझं नाव सांगितलंस, पण मी तुझी कोण ते सांगितलं नाहीस. मला उत्तर तयार होतं, कारण असली उत्तरं माझ्याकडे तयारच असतात. मी म्हटलं, सांगितलं असतं तर घरचाच माणूस आणलाय असं झालं असतं, तुझ्याच खळ्याच्या रीतीने. ती म्हणाली, "तसं तर तसं." मग रिक्षावाल्याला घराचं वळण दाखवायला लागली. तिच्याच रीतीच्या आड मी माझी लाज लपवली होती आणि ते आम्हा दोघींनाही कळलं होतं.

त्या आठवड्यात मुलांनी सगळे फोटो नव्याने निवडले, बदललेल्या पिशव्यांतले. यंत्राला नव्याने शिकवलं. शुक्रवारी प्राचार्य आणि सर पुन्हा आले. आई मागच्या बाकावर बसली होती, मुलांनीच तिला आणलं होतं.

कॅन्टीनचा कोंबवाला कांदा बाद झाला. जोड ओळखला गेला. एक गोल्टी मात्र दोन नंबरमध्ये गेली, तेव्हा चांदवडच्या मुलीने उभं राहून प्राचार्यांना सांगितलं की गोल्टीचे फोटो आमच्याकडे कमी पडले, म्हणून यंत्र तिथे कच्चं आहे. मी काही पढवलं नव्हतं. कुठे चुकतंय आणि का चुकतंय, हे पहिल्या वर्षाच्या, कला शाखेच्या मुलीने मराठीत सांगितलं. मला वाटलं, झालं, माझं काम झालं.

मग सरांनी पिशवीतून एक कांदा काढला. मोठा, लालबुंद, दिमाखदार. हा आमच्या वणीच्या शेतातला, भाऊ करतो शेती, असं सांगून त्यांनी तो कॅमेऱ्यापुढे धरला. पडद्यावर उमटलं: दोन नंबर. सरांनी पुसून पुन्हा धरला. दोन नंबर. सर म्हणाले, काहीतरी चुकतंय तुमच्या यंत्राचं, हा कांदा एक नंबरच आहे.

बाराच्या बारा मुलं एका सुरात म्हणाली, "सर, घरचा कांदा."

सरांना काही कळेना. आई उठून पुढे आली, तिने कांदा हातात घेतला, मान दाबली. मान जाड आहे, हा टिकणार नाही, दिवाळीच्या आत खाऊन टाका, असं तिने त्यांना समजावून सांगितलं आणि कांदा त्यांच्या हातात परत दिला. मुलांनी खळ्यावरची रीत सांगितली. सर कांद्याकडे बघत राहिले आणि मग मोठ्याने हसायला लागले. माणूस वाईट नाही, हे मला त्या दिवशी मान्य करावं लागलं.

अभ्यास मंडळाची बैठक पुढच्या महिन्यात झाली. अभ्यासक्रमासोबत जोडायच्या तक्त्यात बाहेरच्या विषयतज्ज्ञाचा रकाना असतो. नाव, पात्रता, अनुभव. शेवटी बारीक अक्षरात एक ओळ असते: अभ्यासक्रम करणाऱ्याशी नाते असल्यास नमूद करावे. नाव मी लिहिलं. पात्रतेपुढे चौथी पास लिहिलं. अनुभवापुढे लिहिलं, कांदा निवड, बावीस वर्षं. शेवटच्या ओळीपाशी पेन थांबलं. विम्याचा कागद आठवला, तिची निळी साडी आठवली, आणि रिक्षातलं ते 'तसं तर तसं'. मी ठळक अक्षरात लिहिलं: आई.

बैठकीत एका सदस्यांनी नेमकं त्यावरच बोट ठेवलं. तज्ज्ञ म्हणून स्वतःची आई, हे कसं चालेल? प्रश्न चुकीचा नव्हता. मी उभी राहिले आणि म्हटलं, बरोबर आहे. ही माझी आई आहे, ती खळ्यावर कांदा निवडायची, आणि या अभ्यासक्रमातले चार धडे तिचे आहेत. पण ती किती जाणकार आहे हे मी सांगणार नाही. ते दुसऱ्या कुणी सांगावं. एवढं बोलून मी बसले. एकोणीस वर्षांत त्या इमारतीत मला इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

मग वाणिज्य शाखेचे सर उठले.

"मी सांगतो. माझ्या घरचा कांदा त्यांनी माझ्या तोंडावर दोन नंबर ठरवला. तो गणपतीतच सडला."

अभ्यासक्रम मंजूर झाला. निळ्या डोळ्यांचा यंत्रमानव कुठल्या कपाटात गेला ते मला ठाऊक नाही. मला अभिमान वाटला, भरपूर वाटला, आणि तो मी लपवत नाही. आईला घरी सगळं सांगितलं. शेवटच्या ओळीत काय लिहिलं तेही सांगितलं. तिने ऐकलं आणि भाजीला फोडणी घातली. फोडणीत मोहरी जरा जळली, एवढंच. तिच्या हातून ती कधी जळत नाही.

नव्या सत्रात अभ्यासक्रम सुरू झाला. पहिला तास आईचाच ठेवला. साठ मुलं, पाच सतरंज्या. या वेळी मी आधी म्हटलं, ही माझी आई, आणि मग तिचं नाव सांगितलं. तास संपल्यावर मुलं तिच्याभोवती उभी होती, तिला बाहेर यायला अर्धा तास लागला.

रिक्षा पुलावर आली तेव्हा मी तिला विचारलं. प्राचार्यांचं ऐकलं होतं, मंडळाचं ऐकलं होतं, पण मला तिच्याकडून ऐकायचं होतं. खरं सांग, म्हटलं, अभ्यासक्रम कसा झालाय? किती नंबरचा?

ती बाहेर गोदावरीकडे बघत होती. पदराने डोळे पुसून झाल्यावर म्हणाली, "मला नको इचारू. घरचा हाय."

मी अजून दुसऱ्या कुणाला विचारलेलं नाही.